जीप दरीवरून उडाली म्हणे!

...अहो, उडाली! माझी जीप उडाली म्हणे! तोरणमाळच्या घाटात, भरल्या माणसांनिशी, वर टपावर मिरच्यांची पोती, मागे दोन कोंबड्या बांधलेल्या, आणि अशी ती जीप ह्या डोंगरावरून सुटली ती थेट पलीकडच्या डोंगरावर, मधली सगळी दरी खाली सोडून, सरळ रेषेत, ताशी एकशे ऐंशीच्या वेगानं! हे मी नाही सांगत हो, मला कुठे एवढं सुचतंय, हे सरकारी कागदावर छापून आलंय, शिक्क्यासकट. आणि वर काय, तर उडाली ती उडाली, मध्ये पाच मिनिटं मध्य प्रदेशात जाऊन आली, तेही परमिट नसताना! आता मला सांगा, जी गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत जाते, जिच्या शेजारून बकऱ्या पुढे निघून जातात, आणि जाताना वळून बघतात, ती एकशे ऐंशीनं जाईल? अहो, उतारावर ढकलून दिली तरी जाणार नाही! पण हे कोणाला सांगायचं? ज्याला सांगायला जावं तो मान तिरकी करतो, दोन बोटांनी काहीतरी मोठं करतो, बारीक करतो, आणि म्हणतो, "पण ताई, स्क्रीनवर तर तसंच दिसतंय ना!"

स्क्रीनवर दिसतंय. बरं.

तर मी प्रमिलाबाई. गाव तापीकाठचं, सारंगखेड्याच्या जवळ. केळी, ऊस सगळं आहे, ते दीर बघतात. मी जीप बघते. शहाद्याहून भरायची, म्हसावदवरून घाट चढून तोरणमाळला सोडायची, तिथली माणसं घेऊन खाली यायचं. बाईमाणूस आणि जीप, म्हणून सुरुवातीला सगळं गाव हसलं, आता त्याच गावातले लोक लग्नाच्या दिवसांत "काकी, एक दिवस द्या ना गाडी" म्हणून दाराशी उभे असतात. आमचे हे, प्रेमचंद, ह्यांचं काम काय, तर ओट्यावर बसणं. सकाळी बसतात, ऊन आलं की सावलीत सरकतात, सावली हलली की परत हे हलतात. दिवसभरात ह्यांचा एवढाच प्रवास. मोठ्या डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं, काका, शुगर वाढलीय, चाला. हे म्हणाले, चालतो. आणि घरी येऊन बसले.

आणि गाडी चालवतो नारसिंग. नारसिंग तोरणमाळच्याच बाजूचा, पावरा आदिवासी. किती वर्षं झाली माझ्याकडे, मोजलं नाही. घाटातलं वळण न् वळण त्याच्या हातात बसलंय. एकदा तो तापानं पडला म्हणून मी खालचा एक ड्रायव्हर पाठवला, दोधू. मोठ्या ऐटीत गेला. तिसऱ्या वळणावर त्यानं खाली दरी बघितली, गाडीला दगड लावले, माणसांना नमस्कार केला आणि पायी घरी आला! आजतागायत दोधू मला बघितलं की रस्ता बदलतो. त्यामुळे तुम्हाला सांगते, नारसिंग आहे तर जीप आहे, आणि जीप आहे तर वरच्या पाड्यांना बाजार आहे, दवाखाना आहे. हे एवढं डोक्यात ठेवा, मग माझा राग तुम्हाला कळेल.

तर कायदा आला. प्रवासी गाडीत म्हणे तो डबा हवा, गाडी कुठे आहे ते आभाळातून बघणारा, आणि लाल बटण हवं, कोणी बाई संकटात असेल तर दाबायला. ते नसेल तर पासिंग नाही. मी म्हटलं, चांगलंय की! बायकापोरी प्रवास करतात, कोणाचं तरी लक्ष असलेलं बरं. मी काही कायद्याच्या विरुद्ध नाही हो, मी डब्याच्या विरुद्ध आहे! डबा बसवायला आला मिथुन. केस असे वर उभे, बोलणं असं की समोरच्याला वाटावं उपग्रह ह्यानंच सकाळी वर सोडून आलाय. "ताई, आता टेन्शनच नाही! गाडी कुठेही असो, तुम्हाला घरबसल्या दिसणार! अचूक!" मी म्हटलं, किती अचूक? म्हणाला, "तुम्ही पाटावर बसल्या का चौरंगावर, तेवढं कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन उघडला. जीप तापीत. काठावर नाही, पुलावर नाही, मधोमध पाण्यात! आणि खरी जीप कुठे? माझ्या दारात! मी तिच्या बॉनेटवर पापड वाळत घातलेत! मी मिथुनला फोन लावला, म्हटलं, अरे बाबा, गाडी नदीत दाखवतोय. तर म्हणतो, "दोन मिनिटं थांबा ताई, अपडेट होतंय." म्हटलं, म्हणजे काय, पोहत पोहत येतेय का? तर म्हणतो, "तुम्ही एकदा बघून घ्या ना, खरंच दारात आहे का... कारण स्क्रीनवर तर तसंच दिसतंय ना!"

बघून घ्या! म्हणजे माझे डोळे, माझं दार, माझे पापड, सगळं खोटं... आणि त्याचा तो निळा ठिपका खरा!

बरं, ते सोडा. नदीत तर नदीत, कोण विचारतंय. खरा गोंधळ झाला बटणाचा. आता आमच्या गाडीत कंडक्टर नसतो. वर पाडे कसे, तर विखुरलेले, दोन घरं इथे, चार घरं त्या टेकाडामागे. ज्याचा पाडा आला त्यानं टपावर हात मारायचा, धप धप, की नारसिंग थांबतो. ही आमची रीत. आणि आता काय झालं, तर प्रत्येक बाकाशेजारी हाताशी असं छान, गोल, लाल बटण! दाबलं की पुढे ड्रायव्हरजवळ तो डबा ओरडतो, पींऽऽऽ, नारसिंग दचकून ब्रेक दाबतो, गाडी थांबते. आता तुम्हीच न्याय करा. दाबलं की गाडी थांबते, तर ते बटण कशाचं झालं? थांबवायचंच ना! भुरीबाईनं पहिल्यांदा दाबलं, उतरली, आणि नारसिंगला म्हणाली, "हाई चांगलं करं! आते हात दुखस नही." झालं! पुढच्या बाजारापर्यंत सगळ्या पाड्यांना कळलं की प्रमिलाबाईनं गाडीत बेल लावलीय.

बाजाराचा दिवस. मी घरी भाकऱ्या थापतेय. फोन. कुठल्या तरी कंट्रोल रूममधली पोरगी, आवाज असा गोड, पाठ केलेला. "नमस्कार. आपल्या वाहनातील महिला प्रवासी संकटात आहेत. कृपया घाबरू नका." मी घाबरले! पिठाचे हात तसेच, नारसिंगला फोन लावते तर तो लागत नाही, घाटात कुठलं आलंय नेटवर्क, देवासमोर उभी राहिले, परत फोन. "नमस्कार. आपल्या वाहनातील महिला प्रवासी पुन्हा संकटात आहेत." पुन्हा? "नमस्कार. आपल्या वाहनातील..." अहो, थांबतच नाही! एकवीस वेळा! एका फेरीत एकवीस वेळा माझ्या जीपमध्ये बायका संकटात! शेवटी नारसिंग वर पोचला, त्याचा फोन लागला, मी रडत रडत विचारलं, अरे काय झालं, कोणी काय केलं? तो म्हणतो, "कोठे काय? एकवीस जनी उतरन्यात." उतरल्या! प्रत्येकीचा पाडा आला, प्रत्येकीनं बटण दाबलं, सुखानं घरी गेली!

मी त्या पोरीला सांगितलं, बाई गं, कोणी संकटात नाही, त्या उतरतायत. ती म्हणते, "पण मॅडम, आमच्या स्क्रीनवर तर संकटच दिसतंय." म्हटलं, अगं, त्या ते उतरायचं बटण समजतात. म्हणते, "मग आपण प्रवाशांना प्रशिक्षण द्यावं." प्रशिक्षण! टपावर हात मारायला त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं होतं? पुढच्या फेरीला दोन पोलीस बिचारे मोटारसायकलवर धावत घाटात गेले, त्यांनी गाडी अडवली, आत बघतात तर भुरीबाई मांडीवर टोपली घेऊन बसलेली. "मावशी, काय संकट आहे?" तर भुरीबाई म्हणाली, "तुम्ही गाडी उभी करी दिन्ही, हाईच!"

मी बटणांना टेप लावली. तर मेसेज आला, बटणांशी छेडछाड. टेप काढली. संकट. टेप. छेडछाड. शेवटी म्हटलं मरो, दाबा बायांनो, काय दाबायचंय ते दाबा.

आणि मग आली ती नोटीस. उडाल्याची. चालक नारसिंग ह्यानं अतिवेगानं वाहन चालवलं, राज्याची हद्द विनापरवाना ओलांडली, प्रवाशांचा जीव धोक्यात घातला, वारंवार संकटाचे संदेश, सबब त्याचं लायसन का निलंबित करू नये, हजर होऊन खुलासा करा. नारसिंगला मी कागद वाचून दाखवला. त्यानं गाडीच्या चाकात अडकलेला खडा काढला. मग म्हणाला, "काकी, लायसन गयं तर मी चालनू गुजरातमा. ऊसतोडीले लायसन लागस नही." एवढंच. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. त्याची म्हातारी मंगळीबाई वर पाड्यावर असते, गुडघ्यांनी बसलेली, तिला कोण बघणार? माझी जीप कोण चढवणार, दोधू? मी घाबरले, खरंच सांगते. आणि मी घाबरले की मला राग येतो. आमचे हे ओट्यावरून म्हणाले, "शांत ऱ्हाय." झालं, आणखीन आला!

आधी मिथुनला धरला. म्हटलं, गाडी उडते कशी रे? तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, "ताई, घाटात काय होतं, झाडी आणि कडे असले की डब्याला आभाळ नीट दिसत नाही. मग तो जवळचा टॉवर धरतो, आणि डोंगरावर जवळचा टॉवर कधीकधी पलीकडच्या राज्यातला असतो. मग अचानक आभाळ दिसतं, की तो म्हणतो अरे, मी तर इथे आहे! आणि मधलं अंतर सरळ रेघ मारून जोडतो." म्हणजे ह्याला दिसत नाही तेव्हा हा गप्प बसत नाही, अंदाज ठोकतो! आणि अंदाज सरकारी! म्हटलं, हेच आरटीओ ऑफिसात येऊन सांग. तर म्हणतो, "नाही ताई, आमच्या कागदावर डबा अचूकच आहे."

नारसिंग आणि मी गेलो ऑफिसात. साहेब वाईट माणूस नाही हो, हेच तर दुःख! ओरडणारा असता तर मीही ओरडले असते. हे असे हळू बोलणारे, पाणी विचारणारे, "बसा ताई" म्हणणारे. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ही बघा लाल रेघ. हा इथून निघाला, हा इथे पोचला. सेकंदांत." मी म्हटलं, साहेब, त्या रेघेच्या खाली दरी आहे. साहेबांनी वाकून बघितलं, मोठं केलं, बारीक केलं, आणि म्हणाले, "दरी स्क्रीनवर दिसत नाही, ताई."

दरी दिसत नाही! अहो, सातपुड्यातली दरी! तिच्यात ढग उतरतात!

मग नारसिंगकडे वळले. "बोला, तुमचं काय म्हणणं?" नारसिंगनं टोपी काढली आणि म्हणाला, "सायेब, मन्ही गाडीले पंख नही शेत." शेजारी बसलेला क्लार्क अमृत, त्यानं लिहून घेतलं, चालकानं उडवाउडवीची उत्तरं दिली! बस्स. मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, उठा. उठा म्हणते ना! चला माझ्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अमृतभाऊ इथे स्क्रीनवर बघतील, तुम्ही गाडीत बघा. आणि गाडी उडाली तर मी स्वतः तुमच्या हातात ह्याचं लायसन देते! साहेब म्हणाले, तसा नियम नाही. मी म्हटलं, बघू नका असाही नियम नाही. आता साहेब ह्या भागात नवीन, तोरणमाळ त्यांनी बघितलेलं नव्हतं... मला वाटतं त्याच्यावरच गाडं वळलं. म्हणाले, ठीक आहे, स्थळपाहणी करू.

काय सांगू तुम्हाला ती स्थळपाहणी! साहेब पुढे, मी मागे बायांमध्ये, भुरीबाई खिडकीशी. म्हसावद गेलं, घाट लागला. दुसऱ्या वळणाला त्यांनी समोरची दांडी धरली. तिसऱ्या वळणाला, जिथे दोधूनं नमस्कार केला होता, साहेबांनी डोळे मिटले. "हळू घ्या, नारसिंग, हळू." नारसिंग म्हणाला, "सायेब, ह्याना पेक्षा हळू लिधं तर गाडी मांगे जाई." मी मागून विचारलं, साहेब, काटा किती दाखवतोय? डोळे न उघडता म्हणाले, "तुम्ही सांगा." अठरा! तेवढ्यात पींऽऽऽ! साहेब जागच्या जागी उडाले. "काय झालं? कोण संकटात आहे?" भुरीबाई त्यांच्या डोक्यावरून टोपली काढत म्हणाली, "मन्हा पाडा उना ना, दादा," आणि उतरली. पुढे परत पींऽऽऽ. परत पींऽऽऽ. चौथ्याला साहेब स्वतःच म्हणाले, "थांबा, मावशींना उतरायचंय."

वर पोचलो. तलावाच्या काठी जीप लावली, साहेबांना जरा वारा लागला, रंग परत आला, मी चहा सांगितला. आणि त्यांचा फोन वाजला. अमृत! एवढ्या जोरात ओरडत होता की मला मागे ऐकू आलं. "साहेब! साहेब, तुम्ही एकशे चाळीसनं गेलात! मध्य प्रदेशात शिरलात! आणि आता साहेब... आता तुम्ही तलावात आहात! साहेब, ठीक आहात ना?" साहेब काठावर उभे, हातात चहा. म्हणाले, "अमृत, मी कोरडा आहे." तर अमृत काय म्हणावा? "साहेब, स्क्रीनवर तर तसंच दिसतंय ना! आणि साहेब, रागवू नका, गाडीत सहा वेळा महिला संकटात आहेत आणि गाडीत तुम्ही आहात... मी रिपोर्टमध्ये काय लिहू?"

मला हसू दाबता येईना. नारसिंग तलावाकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मी म्हटलं, चला, सुटलो. आता तरी पटलं ना साहेब? साहेबांनी चहा संपवला, कप नीट खाली ठेवला, आणि म्हणाले, "ताई, मला शंभर टक्के पटलं. पण माझ्या पटण्याचा रकाना सिस्टिममध्ये नाही."

अहो, डोकं फुटायची वेळ! माणूस गाडीत बसला, घाट चढला, घाबरला, आणि तरी त्याचा काही उपयोग नाही! म्हटलं, मग मी करू काय? म्हणाले, "तुम्ही एक करा. डबा चुकीचं दाखवतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं तुमच्या सहीनं लिहून द्या, मी फाईलला लावतो." मी लिहिलं! अहो, असं लिहिलं, असं लिहिलं! सदर डबा हा पहिल्या दिवसापासून खोटं बोलत असून, तो जे दाखवतो त्यावर कोणाही शहाण्या माणसानं विश्वास ठेवू नये. खाली ठळक सही. त्यांनी ती फाईलला लावली आणि म्हणाले, "छान. पण नोटीस सिस्टिमनं काढलीय, ती सिस्टिमच बंद करेल. महिनाभर गाडी स्क्रीनवर शिस्तीत दिसली, की आपोआप बंद. नाही दिसली, तर लायसन सस्पेंड. माझ्या हातात काही नाही." आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाले, "गाडी शिस्तीत चालली पाहिजे असं नाही म्हणालो मी, ताई. दिसली पाहिजे म्हणालो."

घरी येईपर्यंत मला काही सुचेना. उंबऱ्यात पाय ठेवला आणि सुचलं. खोटंच बघायचंय ना तुम्हाला? मग माझं बघा! मिथुनला बोलावला, म्हटलं, डबा जीपमधून काढ आणि माझ्या खिडकीत बसव. तो पांढराफटक. "ताई, हे चालत नाही, गुन्हा होतो!" म्हटलं, आणि जीप दरीवरून उडते, तो काय नियम होतो? तुझ्या डब्यानं नारसिंगचं घर उठायला निघालंय. बसव! बिचाऱ्यानं एक बॅटरी जोडली, डबा खिडकीत ठेवला, नेटवर्क पूर्ण, आभाळ मोकळं, आणि मला हात जोडून म्हणाला, "माझं नाव घेऊ नका." जीपमध्ये नारसिंगनं साधी घराची बेल लावली, त्याच लाल बटणांना. भुरीबाईला आवाज जास्त आवडला म्हणे.

आणि काय सांगू! सुख! शांतता! वेग नाही, हद्द नाही, संकट नाही. जीप घाटात, डबा खिडकीत, ठिपका जागच्या जागी. साहेबांचं ऑफिस खूश, मी खूश. पहिला आठवडा संपला आणि फोन. तीच गोड पोरगी. "नमस्कार. आपलं वाहन बरेच दिवस हललेलं नाही. वाहन वापरात नसल्यास परवान्याचा फेरविचार होऊ शकतो." म्हणजे बघा! चाललं तरी गुन्हा, थांबलं तरी गुन्हा! म्हटलं, अगं, चालू आहे गाडी, आत्ता ह्या क्षणी घाट चढतेय! तर म्हणते, "पण मॅडम, स्क्रीनवर तर..." मी म्हटलं, कळलं! कळलं मला स्क्रीनवर काय दिसतंय ते!

डबा हलला पाहिजे. रोज. हळू. शिस्तीत. हद्द न ओलांडता. कोण हलवणार? मी बाहेर आले. ओट्यावर आमचे हे. सावलीत.

नाही म्हणाले. माझे पाय दुखतात, लोक काय म्हणतील, ऊन आहे. मी म्हटलं, नारसिंगची म्हातारी वर एकटी पडेल, चालेल? तेव्हा उठले. कापडी पिशवीत डबा घातला, पिशवी ह्यांच्या खांद्याला, आणि आमचे हे निघाले. किती वर्षांनी तो ओटा रिकामा झाला हो! शेजारची रेवाबाई धावत आली, म्हणाली, भाऊ कुठे गेले, बरे आहेत ना? मी म्हटलं, गाडी घेऊन गेलेत. रोज सकाळी गावातून, केळीच्या बागांपर्यंत, परत. ताशी चार. कधी पाच. त्या पोरीचा फोन आला, "मॅडम, आता गाडी छान चालतेय, पण जरा हळू वाटते." म्हटलं, घाट आहे. म्हणाली, "पण स्क्रीनवर तर गावातच दिसते." म्हटलं, गावातच आहे घाट! म्हणाली, ओके मॅडम.

महिना भरला आणि मेसेज आला. नोटीस बंद. नारसिंगचं लायसन शाबूत. वर अभिनंदन, आपलं वाहन नियमांचं उत्तम पालन करत आहे! नारसिंग आला, मी मेसेज वाचून दाखवला, त्यानं फोनकडे नाही बघितलं, ओट्याकडे बघितलं आणि आमच्या ह्यांच्या पाया पडला. मला रडू आलं. सगळ्या जिल्ह्यात एकच गाडी नियमात चालते, आणि ती आमचे हे खांद्याला अडकवून चालवतात!

इथे संपायला हवं होतं ना? पण मला ती सवय लागली होती, फोन उघडून ठिपका बघायची. परवा सकाळी बघते तर ठिपका निघाला, देवळापर्यंत गेला, वळला... आणि बसस्टँडशी थांबला. म्हटलं, भेटलं असेल कोणी. पाच मिनिटं. पंधरा. पाऊण तास! मी मोठं केलं. दोन बोटांनी, अगदी साहेबांसारखं. नवलचं हॉटेल! फाफडा, जलेबी! मागचे दिवस बघितले, तर रोज! रोज तिथेच! मी इथे समजतेय माणूस चालतोय, शुगर उतरेल, डॉक्टरांना अभिमानानं सांगून आले, आणि हे चालतात किती, तर घर ते जलेबी!

आले दुपारी. डुलत. मी दारातच फोन समोर धरला. म्हटलं, हे काय? नवलच्या हॉटेलात रोज पाऊण तास! हा बघा ठिपका, ही बघा वेळ! आता बोला!

ह्यांनी पिशवी उतरवली, डबा काढला, खिडकीत नीट ठेवला. मिशीला पाक लागलेला, तो चमकतोय. फोनकडे बघितलंसुद्धा नाही. ओट्यावर टेकले आणि अगदी थंडपणे म्हणाले, "अवं, तठे नेटवर्क नही शे. डबा खोटं दखाडी ऱ्हायना. तूच ना ते सायेबले सही करीसन लिखी दिन्हं, शहाना मानूसनी विश्वास ठेवू नही म्हनी?"

बोला. मी आत गेले, ताट वाढलं. सही माझीच आहे हो.